बोंडेशेतची इमानपट्टी

यशोधरा खरात यांची नि माझी ओळख झाली ती आधी त्यांच्या आवाजाशी. विठ्ठलवाडी डेपोतून सकाळी सुटणारी बोंडेशेतची एसटी सात वीसला बदलापुरात येते. गाडी वळणावर दिसायच्या आधीच त्यांचं बोलणं ऐकू येतं, "मागं सरका, मागं जागा आहे. मागं काय वाघ बसलाय का?" मी बोंडेशेतच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. सहा वर्षं याच गाडीनं जातेय, आणि त्यातली बहुतेक वर्षं यशोधराताईच कंडक्टर आहेत.

ताई राहतात अंबरनाथला, मोरिवलीत, कारखान्यांच्या भिंतीला लागून असलेल्या जुन्या वस्तीत. त्यांचे यजमान प्रमोदभाऊ तिथल्याच एका कारखान्यात फिटर आहेत. मुलगी लग्न होऊन नाशिकला. उंची बेताची, चाल भरभर, खाकी साडीचा पदर घट्ट खोचलेला. एखादी गोष्ट आपल्याला माहीत नाही, हे त्यांना सहन होत नाही. एकदा गाडीत बेवारस पिशवी राहिली होती. त्यांनी पिशवी उघडली नाही, नुसती हुंगली. सुकट आणि कडुनिंबाचा साबण असा वास एकत्र येतो म्हणजे ती चिंचफाट्याच्या नूतनचीच, असं म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी नेऊन दिली. होती नूतनचीच.

तर चार वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळी नुकतीच झालेली. बदलापूरला एक म्हाताऱ्या आजी गाडीत चढल्या. लुगडं गुडघ्यापर्यंत, हातात काठी, चेहऱ्यावर कोणाची भीती नाही. ताई मशीन घेऊन पुढ्यात उभ्या राहिल्या.

"कुठं जायचं, आजी?"

"एक इमानपट्टी."

मागच्या बाकावरची कॉलेजची मुलं हसली. एकानं विचारलं, "आजी, कौनसी फ्लाइट?" ताईंनी नुसतं मागं बघितलं, मुलं गप्प झाली. आजींच्या वयाला तिकिटाचे पैसे पडत नाहीत, पण मशीनला शून्याच्या तिकिटालाही उतरायचं ठिकाण लागतं. इमानपट्टी नावाचं ठिकाण मशीनमध्ये नव्हतं. ताईंनी बोंडेशेत टाकलं.

चिंचफाटा गेला, पुढं दीड किलोमीटर झालं असेल, आणि आजींनी काठी आपटली. "हितंच." ताईंनी घंटी दिली. बाळाजी ड्रायव्हरनं गाडी थांबवली आणि आरशातून बघितलं. रस्त्याच्या कडेला ना शेड ना घर. बाभळी, करवंदाच्या जाळ्या आणि मागं पसरलेला माळ.

"आजी, इथं कुठंय विमान?" ताईंनी विचारलं.

"गेला उडून," आजी म्हणाल्या आणि उतरल्या.

गाडी पुढं निघाली, पण ताई काही पुढं निघाल्या नाहीत. बोंडेशेत येईपर्यंत त्यांनी मला तीनदा विचारलं, "मॅडम, तुम्ही शिकवता ना इतिहास? तुम्हाला नाही माहीत?" मला नव्हतं माहीत. उल्हासनगर म्हणजे युद्धाच्या वेळचा लष्कराचा कॅम्प, म्हणून तिथं अजून कॅम्प नंबर एक, कॅम्प नंबर चार म्हणतात, हे मी मुलांना सांगते. नेवाळीला धावपट्टी होती हेही सगळ्यांना ठाऊक असतं. पण चिंचफाट्याच्या पुढं कोणाचं विमान कशाला येईल?

पुढच्या सुट्टीच्या दिवशी ताई साध्या साडीत, प्रवासी म्हणून याच गाडीनं आल्या आणि त्या माळावर उतरल्या. सोबत प्रमोदभाऊंची मापाची टेप, पाण्याची बाटली, आणि दोन चपात्या. त्यांच्या पहिल्यांदा लक्षात आला तो तिथला सपाटपणा. आमच्याकडची जमीन दर पंचवीस पावलांना चढते नाहीतर उतरते. हा माळ पोळपाटासारखा होता. मग एक म्हैस दिसली. म्हशीचं दावं खुंट्याला बांधलेलं नव्हतं, जमिनीत पुरलेल्या एका जाड लोखंडी कडीला बांधलेलं होतं. कडीच्या बुडाशी सिमेंटचा गोळा. ताईंनी गवत बाजूला केलं. दहा पावलांवर दुसरी कडी. मग तिसरी. दोन रांगांत मिळून अकरा कड्या सापडल्या. म्हैस बांधायला कोणी इतकं मोजूनमापून सिमेंट ओतत नाही.

टेप लावून त्या दोन कड्यांमधलं अंतर लिहून घेत होत्या, तेवढ्यात मागून आवाज आला, "ओ बाई, कोनाची मानसं तुमी?"

धर्मराज होता. पन्नाशीचा, अंगानं आडवा, या माळाच्या एका बाजूला त्याची भातशेती. त्याच्यामागून आणखी तिघं आले. आता आमच्या भागात टेप घेऊन कोणी शेतात उभं राहिलं की माणसं धावत येतात. पालेगावकडं बघा, काल जिथं भात होतं तिथं आज बारा मजली इमारती आहेत. त्यात विमानाची जागा म्हटली की सरकार आपली म्हणून घेऊन जाईल, ही भीती वेगळी.

"बिल्डरची का सरकारची?" धर्मराजनं विचारलं.

"कोणाचीच नाही. मला फक्त बघायचंय."

"बघायला टेप लागते?"

ताईंची टेप आणि वही काढून घेतली गेली आणि त्यांना गावात, धर्मराजच्या ओटीवर नेऊन बसवलं. पंधरा-वीस माणसं जमली. कोणी वाकडं बोललं नाही, पण पाणीही कोणी विचारलं नाही. ताई मला नंतर म्हणाल्या, "सत्तावीस वर्षं मी लोकांना उतरवलं, मॅडम. त्या दिवशी मला कळलं, उतरायचं ठिकाण नसलं की कसं वाटतं."

एवढ्यात घरातून काठीचा आवाज आला. त्याच आजी. त्या धर्मराजच्या चुलती, अंजनीआजी. दहा वर्षं मुलाकडं डोंबिवलीला राहून, फ्लॅटला कंटाळून गावी परत आलेल्या. त्यांनी ताईंकडं निरखून बघितलं.

"आरं, ही तं गाडीवाली. कापडं बदलून आली म्हनून वलखत नाय व्हय रं?"

मग पाणी आलं, चहा आला, टेप परत आली. वही मात्र धर्मराजनं हातात धरून ठेवली. "ताई, तुमी लिवा. पन आमच्या शेताचा नंबर कंदीच लिवायचा नाय."

ताईंनी कबूल केलं, आणि तो शब्द त्यांनी आजपर्यंत पाळलाय. त्यांच्या वहीतला एकही नकाशा सरकारी कागदाशी जुळवता येणार नाही. त्यात लिहिलेलं असतं, ‘मोठ्या सावरीपासून पन्नास पावलं, विहीर डाव्या हाताला.’

त्या दिवशी ओटीवरच अंजनीआजींनी इमानपट्टीची हकिगत सांगितली. त्या तेव्हा आठ वर्षांच्या. एक दिवस लष्कराच्या गाड्या आल्या, सोबत मजूर आले. माळावरचे खडक फोडले, खाचरं बुजवली, आणि त्यावर लोखंडी पत्रे अंथरले. एकात एक अडकवून, चटई विणावी तसे. गावातल्या बायका दुरून बघायच्या.

"इमानं किती यायची, आजी?" ताईंनी विचारलं.

"येकच आला. आनि तोबी चुकला."

भात पिवळं पडलं होतं तेव्हाची गोष्ट. अवेळी पाऊस होऊन गेला होता. एक छोटं विमान आलं, पत्र्यांवर उतरलं, पण थांबायच्या ठिकाणी थांबलं नाही. पट्टी संपली, पुढं खाचर, आणि विमान नाकापर्यंत चिखलात. आतून एक तरणा गोरा बाहेर आला आणि चिखलात बसकण मारून हसायलाच लागला. लष्कराची गाडी ओढायला आली, तीही रुतली. मग गावचे बैल जुंपले. सात जोड्या. विमानाच्या शेपटाला दोर बांधून उलटं ओढलं.

"आमच्या गावच्या सात जोड्या," आजींनी बजावलं. "दुसऱ्या कोनाची नाय."

ताई निघताना अंगणात आल्या आणि थबकल्या. गुरांच्या गोठ्याचं फाटक लोखंडी होतं. लांबट पत्रा, त्याला ओळीनं रुपयापेक्षा मोठी गोल भोकं. शेजारच्या घराला कोंबड्यांच्या खुराड्याला तसलाच पत्रा. ओढ्यावर पाय ठेवायला तसलाच. युद्ध संपलं, पट्टी ओस पडली, आणि गावानं ती चटई उसवून घरोघर नेली होती.

एका पत्र्याचा फोटो घेऊन ताई उल्हासनगरला चेतनदास नावाच्या भंगारवाल्याकडं गेल्या. चेतनदासांनी चष्मा चढवून फोटो बघितला. "बहन, ये तो पुराना मिल्ट्री का माल है. मेरे दादाजी सिंध से आए, तब कॅम्प में ये पड़ा रहता था. हमारे पहले घर की दीवार इसी की थी." आणि मग जे म्हणाले ते ताईंच्या दृष्टीनं मोलाचं. हा पत्रा जड असतो. लोक तो लांब नेत नाहीत. जिथं चार-पाच घरांना दिसेल, तिथून जवळच कुठंतरी तो अंथरलेला असणार.

तेव्हापासून ताईंचं खिडकीबाहेर बघणं बदललं. तिकिटं फाडून झाली की त्या पुढच्या दाराशी उभ्या राहायच्या आणि एकेक गोठा, एकेक कुंपण न्याहाळायच्या. दुसऱ्यांच्या ड्यूट्या मागून घेऊन वेगवेगळ्या गावांना जायला लागल्या. बाळाजी वैतागायचा. "ताई, मी रस्ता बघतो, तुम्ही पॅसेंजर बघा, ही आपली वाटणी आहे. तुम्ही गोठे बघताय." तरी एखादं भोकांचं फाटक दिसलं की त्याचाच हात आधी वर जायचा.

अशानं दीड वर्षात त्यांना आणखी एक पट्टी सापडली, पहिलीहून लहान, आता तिथं आमराई आहे. तिसरीचा मात्र फजितवाडा झाला. पालेगावच्या अलीकडं शेतांमधून जाणारा एक सरळसोट उंचवटा त्यांना दिसला. दीड किलोमीटर सरळ. चार महिने त्या रविवारी जाऊन तो मोजत होत्या. मलाही नेलं. मी उन्हात टेपचं दुसरं टोक धरून उभी. शेवटी तिथल्या एका शेतकऱ्यानं न राहवून विचारलं, "बाई, पाइपलाइनीचं काय मोजताय?" खालून पाण्याची जुनी पाइपलाइन गेली होती. ताई तिथंच मटकन बसल्या आणि पोट धरून हसल्या. वहीत त्यांनी त्या पानावर आडवी रेघ मारून लिहिलंय, ‘पाणी.’

पण आजींची हकिगत त्यांच्या मनातून जात नव्हती. तो मजुरांचा तांडा कुठला होता? ते कोणी सांगत नव्हतं. आणि उत्तर निघालं ते कुठं, तर मोरिवलीत, त्यांच्या घरापासून पाचव्या दारी.

बुद्धविहारासमोरच्या गटारावर एक झाकण होतं. तेवीस वर्षं ताई ते ओलांडून कामाला जात होत्या. एका सकाळी पाय उचलता उचलता त्यांनी खाली बघितलं. ओळीनं गोल भोकं.

"हे कोणी आणलं?" त्यांनी विहारात झाडलोट करणाऱ्या उमाला विचारलं.

"शिवरामबाबांच्या वडिलांनी. कधीचं आहे ते."

शिवरामबाबा नव्वदी ओलांडलेले. काडेपेटीच्या कारखान्यातून निवृत्त होऊनच त्यांना तीस वर्षं झाली होती. पांढरा सदरा, पांढरी टोपी, सकाळी विहारात येऊन बसायचे. ताई रोज त्यांना जयभीम घालायच्या आणि पुढं जायच्या. पट्टीवर राबलेला माणूसच असा जड पत्रा एवढ्या लांब आणेल, असा हिशेब करून त्या दिवशी त्या शेजारी बसल्या आणि सरळ विचारलं.

"बाबा, बोंडेशेतच्या पट्टीवर कामाला होते का तुमचे वडील?"

बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "होते. मी पण होतो. अकरा वर्षांचा. पाणी द्यायचो." आणि टोपी परत घालत, "त्या जागेचं नाव मला नको, यशोधरा."

ताईंनी पुढं विचारलं नाही. प्रश्न गिळणं त्यांना किती जड जातं हे मला माहीत आहे, म्हणून सांगते. तीन आठवडे त्या नुसत्या जयभीम घालून जात राहिल्या. चौथ्या आठवड्यात बाबांनीच हाक मारली.

विमान चिखलातून काढलं, त्या वेळी ते तिथं होते. शेपटाला खांदा लावणाऱ्यांत त्यांचे वडील होते. विमान निघालं, सगळे ओरडले, आणि मग त्या गोऱ्याच्या लक्षात आलं की आपली चामड्याची टोपी गेली. विमान चालवताना घालायची, कानांवर झापा असलेली. चिखलात शोधली, मिळाली नाही. मुकादमानं मजुरांकडं बघितलं. मजुरांत बाबांच्या समाजाची चार घरं, आणि त्यांत पाणी घेऊन सगळीकडं फिरणारं पोर एकच. संशय कोणावर, हे कोणाला विचारावं लागलं नाही. गोरा नको नको म्हणत होता, पण मुकादम ऐकेना. मग बाबांच्या वडिलांनीच पुढं होऊन, सगळ्या गावादेखत पोराला मारलं. मुकादमानं मारण्यापेक्षा आपण मारलेलं बरं, म्हणून.

"मी घेतली नव्हती," बाबा म्हणाले. ऐंशी वर्षं झाली होती, तरी ते असं म्हणाले, जणू ताई आता त्यांच्यावर विश्वास ठेवणार की नाही ते ठरायचं होतं.

"बाबा, मला ठाऊक आहे," ताई म्हणाल्या.

त्यानंतरच्या जानेवारीत, एका रविवारी सकाळी, ताई सुट्टीच्या दिवशीच्या दौऱ्यावर निघाल्या होत्या. मीही अंबरनाथला थांबले होते. बघतो तर स्टँडवर शिवरामबाबा. धुतलेला सदरा, पायात बूट, शेजारी नातू सोडायला आलेला.

"चला," बाबा म्हणाले. "एकदा बघून येतो."

गाडी बाळाजीचीच होती. चिंचफाट्याच्या पुढं त्यानं न सांगता गाडी थांबवली आणि स्वतः खाली उतरून बाबांना हात दिला. धर्मराजला ताईंनी गाडीतूनच फोन केला होता. त्यानं सावरीखाली बाज टाकून ठेवली होती, आणि बाजेवर अंजनीआजी काठी टेकून बसलेल्या. ताईंनी दोघांची ओळख करून दिली. एवढंच सांगितलं की बाबाही त्या दिवशी इथं होते.

आजींनी पहिलं काय केलं असेल, तर भांडण. "इमान कुठशी आला? सांग."

"तिकडून," बाबांनी डोंगराकडं हात केला.

"खोटा. नदीकडशी आला."

"डोंगराकडून. मी पाणी घेऊन उभा होतो, माझ्या डोक्यावरून गेलं."

"आनि बैल?"

"सात जोड्या."

"बघ. कोनाचं?"

"चार तुमचे. तीन वरच्या पाड्यावरचे."

आजींनी यावर एवढं वाईट तोंड केलं की धर्मराज दुसरीकडं बघून हसायला लागला. तीन जोड्या दुसऱ्या गावाच्या होत्या, हे आयुष्यभर त्यांनी लपवून ठेवलं होतं. "आसतील," त्या शेवटी म्हणाल्या.

मग त्या दोघांनी एकमेकांच्या आठवणीतली भोकं बुजवायला सुरुवात केली. दोर कुठून आला ते बाबांना माहीत नव्हतं, आजींना होतं: विहिरीच्या मोटेचा सोडून आणला. तो तुटला कुठं, ते बाबांना माहीत होतं. ताई भराभरा लिहून घेत होत्या. मी फक्त ऐकत होते. वीसेक मिनिटं अशी गेली, आणि मग बाबा म्हणाले, "त्या साहेबाची टोपी गेली होती. आठवतं?"

आजींनी बाबांकडं पहिल्यांदा नीट बघितलं, चेहरा शोधत असल्यासारखं.

"तू तो पानीवाला पोर," त्या म्हणाल्या.

"हो."

"टोपी माज्या आयनं घेतली."

आजी थांबल्या नाहीत. चिखलात पडलेली टोपी त्यांच्या आईला दिसली, तिनं ती गवताच्या भाऱ्याखाली सरकवली. घरी गाय व्यालेली होती. वासरू दिवसभर लुचायचं, त्याच्या तोंडाला बांधायला मुसकं हवं होतं. "तुला मार पडला तवा मी आयच्या बाजूला उबी व्हते. मी बोलाया गेले तं तिनं डोलं वटारलं. मंग मी बोलले नाय. मंग कंदीच बोलले नाय."

बाबा बाजेच्या कडेवर बसले. ताईंनी वही मिटली. मला वाटलं आता बाबा उठून रस्त्याकडं चालायला लागतील, आणि गेले असते तर त्यांचं काही चुकलं नसतं. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत लावला.

"वासराला बसली का टोपी?" त्यांनी विचारलं.

आजी चमकल्या. "बसली ना. बरोबर बसली. कानाच्या झापा व्हत्या, त्या मागं नेऊन बांदल्या."

बाबा हसायला लागले. आधी आवाज न करता, मग खांदे हलायला लागले, मग खोकला आला आणि ताईंना पाणी द्यावं लागलं. "साहेबाची टोपी," ते म्हणत होते, "आणि मी गाढवासारखा चिखलात शोधत होतो." आजीही हसल्या, डोळे पुसत हसल्या.

पण त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांनी धर्मराजला सांगितलं, "मानसं बोलाव."

"कशाला, काकी?"

"मार मानसांसमोर पडला. तं हे बी मानसांसमोर बोलाया पायजे."

शेतात होते ते, गुरं चारणारे, ओढ्यावर कपडे धुणाऱ्या बायका अशी चौदा माणसं जमली. मी मोजली. अंजनीआजी बाजेवरून उठल्या, काठी टेकून उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "ऐंशी वर्सांमागं या माळावर येक चोरी झाली. ती आमच्या घरानं केली. ह्या शिवरामनं नाय केली. ज्यानं ज्यानं आयकलं, त्यानं आपल्या घरी सांगायचा."

त्यातल्या निम्म्यांना चोरी कसली हेही माहीत नव्हतं. तरी सगळ्यांनी माना डोलावल्या. एका म्हाताऱ्या गुराख्यानं पुढं होऊन बाबांना हात जोडले.

दुपारी धर्मराजच्या ओटीवर नाही, आत माजघरात जेवण झालं. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुकटीची चटणी. आजींनी बाबांना स्वतः वाढलं आणि नको म्हणत असताना दुसरी भाकरी टाकली. विमान डोंगराकडून आलं की नदीकडून, यावर जेवताना परत वाद झाला. तो अजून मिटलेला नाही.

परतीच्या गाडीत बाबा खिडकीशी बसले. मोरिवली जवळ आल्यावर ते ताईंना म्हणाले, "माझा बाप शेवटपर्यंत धरून होता की पोरानंच घेतली असेल. तो असता तर आज त्याला सांगितलं असतं." ताई शेजारी बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी विहारात बाबांनी वडिलांच्या फोटोला हार घातला आणि जमलेल्यांना सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली. उमा सांगत होती, वासराच्या ठिकाणी आले तेव्हा विहारात हशा झाला.

त्यानंतर बाबा दोनदा बोंडेशेतला जाऊन आलेत. आजींनी त्यांच्याकडं मोरिवलीला यायचं कबूल केलंय, फक्त लिफ्ट नसेल तर. मोरिवलीत लिफ्ट नाही, हे सांगून झालंय. ताईंच्या वहीची एक प्रत आता आमच्या शाळेत आहे. सातवीच्या मुलांनी पट्टीची लांबी पावलांनी मोजली, सातशे चाळीस भरली, धर्मराज स्वतः त्यांच्यासोबत चालला. शेताचा नंबर कोणी लिहिला नाही.

येत्या मे महिन्यात यशोधराताई निवृत्त होतील. डेपोतल्या लोकांनी वर्गणी काढायच्या आधी काय हवं ते विचारलं. घड्याळ नको, शाल नको, म्हणाल्या, चांगले बूट द्या. म्हणून गेल्या रविवारी प्रमोदभाऊ, बाळाजी आणि मी त्यांना घेऊन उल्हासनगरच्या बाजारात गेलो. पाच दुकानं झाली. शेवटी त्यांनी जाड तळव्याचे, तपकिरी, दोरीचे बूट निवडले. दुकानदार म्हणाला, एक नंबर मोठे होतील. ताई म्हणाल्या, होऊ देत, आत जाड मोजे घालणार आहे, आणि ते पायात घालूनच घरी आल्या.